शालेय ध्येय आणि दैनंदिन संस्कृती

शाळेने ठरवलेले शैक्षणिक व सामाजिक उद्दिष्ट रोजच्या वेळापत्रकात, नियमांत आणि शिक्षक, विद्यार्थी, पालक यांच्या वागण्यात उतरवण्याची प्रक्रिया. मुंबईतल्या अनेक मराठी शाळांमागे ठाम उद्देश होता. लोकमान्य टिळकांचे निधन १९२० साली मुंबईत झाले आणि पुढच्याच वर्षी विलेपार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. संस्थापकांची पिढी मागे पडली, की कोणत्याही शाळेत असा उद्देश बोधवाक्याच्या पाटीपुरता उरू शकतो.

तसे होऊ नये म्हणून ध्येयातली तीन-चारच मूल्ये निवडावीत आणि प्रत्येकाला डोळ्यांना दिसणारी एक कृती, वेळ व जबाबदार व्यक्ती जोडावी. ‘समानता’ तपासता येत नाही. शाळा भरतानाच्या परिपाठात या महिन्यात कोण बोलले, हे तपासता येते.

परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि प्रश्नमंजूषा, या सात कामांना दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मुंबईत मैदान अपुरे आणि शाळा सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत, त्यामुळे परिपाठ बहुधा ध्वनिक्षेपकावरून होतो. मग खणखणीत आवाजाची तीच चार मुले वर्षभर माइकवर दिसतात आणि बाकीची वर्गात उभी राहून फक्त ऐकतात. उपाय सोपा आहे: आठवडाभर एका तुकडीकडे परिपाठ द्यावा आणि कामे हजेरी क्रमांकाने वाटावीत. पाच दिवसांत पस्तीस मुलांना संधी मिळते. पन्नासच्या वर्गातली उरलेली पंधरा पुढच्या पाळीला आधी घ्यावीत. अडखळणाऱ्या मुलाकडून आदल्या दिवशी वर्गशिक्षकांनी एकदा वाचून घ्यावे. परिपाठ थोडा रेंगाळला तरी चालेल, पण त्याच्या हातून माइक काढून घेऊ नये.

उशीर व शिस्त. ध्येयाची खरी कसोटी फाटकाशी लागते. पावसाळ्यात लोकल रखडतात, रस्त्यांवर पाणी तुंबते. आत ‘प्रत्येक मूल मोलाचे’ अशी पाटी आणि बाहेर प्रार्थना संपेपर्यंत ताटकळणारी मुले, हे चित्र शाळेचे शब्द पोकळ करते. फाटकावरच्या शिक्षकाने कारण विचारावे, वहीत नोंदवावे आणि मुलाला थेट वर्गात पाठवावे. तेच मूल वारंवार उशिरा येऊ लागले, तर पालकांशी बोलावे. अनेकदा धाकट्या भावंडाला सोडणे किंवा पाणी भरणे हे कारण निघते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे.

श्रम. खिचडीनंतर वर्ग झाडायची पाळी बाकांच्या रांगेप्रमाणे लावावी. तोंडी सांगितले, की झाडू व रांगोळी मुलींकडे आणि बाक उचलणे मुलांकडे जाते. याकडे हमखास दुर्लक्ष होते, म्हणून पाळीचा तक्ता फळ्याशेजारी लावावा. शिक्षकाचे नावही त्यात हवे.

पाठपुरावा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. परिपाठाचा तक्ता आणि उशिराची वही समितीच्या बैठकीत उघडून वाचावी. अहवालातल्या विशेषणांपेक्षा त्यांतून जास्त कळते. दोन्ही अधिवेशनांचे शिक्षक एकमेकांना क्वचितच भेटतात, त्यामुळे एकाच इमारतीत दोन वेगळे शिरस्ते पडतात. त्यांची महिन्यातून एक संयुक्त सभा सकाळची शाळा सुटण्याच्या आणि दुपारची भरण्याच्या मधल्या वेळेत घ्यावी. बदलीने आलेल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी वेळापत्रकाबरोबर हे तक्तेही द्यावेत.