लॉकअप क्लच: १९४९ ला आला, पेट्रोल महागल्यावर परतला

ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल जास्त पिते हा समज निराधार नव्हता. त्याचं मूळ टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागात आहे. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगरने १९०५ मध्ये या यंत्रणेचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. भन्नाट वेगाने फिरणाऱ्या स्टीम टर्बाइनची ताकद सावकाश फिरणाऱ्या प्रोपेलरपर्यंत न्यायची होती.

मोटारीत इंजिनाला जोडलेला इम्पेलर ऑइल फेकतो, त्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचा टर्बाइन फिरतो आणि मधला स्टेटर परतणाऱ्या ऑइलची दिशा वळवतो. गाडी जागेवरून सुटताना या वळवण्यामुळे टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण दुप्पट होतो. इम्पेलर आणि टर्बाइनचे वेग जवळ आले की ही वाढ संपते, पण टर्बाइन थोडा मागेच राहतो. हायवेवर एका लयीत चालतानाही काही टक्के घसरण उरते आणि तेवढं इंधन ऑइल तापवण्यात जातं.

१९४८ ची ब्यूइक डायनाफ्लो जवळजवळ पूर्णपणे कन्व्हर्टरवर विसंबून होती. चालायला लोण्यासारखी, पण उठायला सुस्त. पुढच्याच वर्षी पॅकार्डने अल्ट्रामॅटिक आणला. त्यात एक क्लच, म्हणजेच लॉकअप, ठराविक वेगानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून टाकायचा. घसरण शून्य. मात्र नेहमीच्या ड्राइव्हमध्ये गाडी लो गिअर न वापरता फक्त कन्व्हर्टरच्या जोरावर निघे, त्यामुळे पिकअपची ओरड राहिलीच. १९५४ मध्ये लो गिअरमधून सुरुवात करणारी आवृत्ती काढावी लागली. पॅकार्ड बुडाली आणि लॉकअपही मागे पडला. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं. जादा क्लचचा खर्च कोण करणार? माझ्या मते तंत्र कमी पडलं नव्हतं, गरज नव्हती.

ती १९७३ च्या तेलसंकटाने निर्माण केली. १९७५ च्या अमेरिकी कायद्याने प्रत्येक कंपनीच्या मोटारींना सरासरी मायलेजचं बंधन घातलं: १९७८ साठी १८ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास, आणि १९८५ साठी २७.५. त्याच १९७८ च्या मॉडेलपासून क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये लॉकअप परतला. १९८० मध्ये जनरल मोटर्सही आली. फोर्डने वेगळी वाट धरली: त्याच वर्षीच्या एओडी (ऑटोमॅटिक ओव्हरड्राइव्ह) गिअरबॉक्समध्ये टॉप गिअरला ताकद कन्व्हर्टरला वगळून दुसऱ्या शाफ्टने जाई.

अडचण अशी, की ऑइलची घसरण इंजिनाचे धक्केही गिळते. कमी वेगात लॉक केलं तर इंजिन गुरगुरतं, गाडी थरथरते. म्हणून लॉकअपसोबत धक्के शोषणाऱ्या डँपर स्प्रिंगा आल्या, आणि पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर क्लच पूर्ण न आवळता किंचित घसरता ठेवण्याची युक्तीही. आताच्या अनेक गिअरबॉक्समध्ये गाडी सुटल्यावर लवकरच, खालच्या गिअरमध्येही लॉकअप लागतो.

भारतात ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या एएमटी गाड्यांत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप चालवते) मुळात कन्व्हर्टरच नसतो, त्यामुळे त्यांना हे काही लागू नाही. कन्व्हर्टरवाली गाडी खंडाळ्याच्या चढावर हाकताना ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबला, तर कधीकधी गिअर न बदलताच आरपीएम थोडा वर जातो. तिथे लॉकअप सुटलेला असतो. ओढ वाढते, पण त्या टप्प्यात इंधनही जास्त लागतं.