लांब मानेच्या दोन घडणी : टॅनिस्ट्रोफियस आणि इलॅस्मोसॉरस

टॅनिस्ट्रोफियस आणि इलॅस्मोसॉरस या प्राचीन सागरी सरीसृपांची चित्रे पाहिली, की धडाहून कितीतरी लांब मानेमुळे ते एकाच कुळातले वाटतात, आणि पुष्कळदा दोघांनाही डायनोसॉर म्हटले जाते. प्रत्यक्षात दोघांपैकी एकही डायनोसॉर नव्हता आणि त्यांच्या काळांत सुमारे १६ कोटी वर्षांचे अंतर होते. त्यांच्यातला खरा फरक मानेच्या मणक्यांत आहे. इलॅस्मोसॉरसच्या सुमारे ७ मीटर लांब मानेत ७२ आखूड मणके होते, तर टॅनिस्ट्रोफियसची सुमारे ३ मीटरची मान अवघ्या १३ मणक्यांची होती. त्यांतले बहुतेक मणके नळीसारखे ताणलेले होते.

या घडणींनी अभ्यासकांनाही चकवले. १८८६ मध्ये फ्रान्चेस्को बासानी यांना टॅनिस्ट्रोफियसचे मणके उडत्या सरीसृपाच्या पंखांतली बोटे वाटली. हा गैरसमज १९२९ मध्ये बर्नहार्ड पेयर यांना स्वित्झर्लंडच्या मोंते सान जोर्जो डोंगरात अधिक पूर्ण सांगाडा मिळाल्यावर दूर झाला. कॅन्ससमध्ये सापडलेल्या इलॅस्मोसॉरसचे वर्णन करताना एडवर्ड कोप यांनी तर मानेलाच शेपूट समजून डोके उलट्या टोकाला जोडले, आणि ती चूक १८७० मध्ये जोसेफ लायडी यांनी दाखवली.

इलॅस्मोसॉरस चार वल्ह्यांसारख्या अवयवांनी खुल्या समुद्रात पोहत असे. टॅनिस्ट्रोफियसच्या पायांची मात्र वल्ही झालेली नव्हती. २०२० मध्ये त्याच्या मोठ्या जातीच्या कवटीचे सीटी स्कॅन करून जुळवणी केली, तेव्हा मुस्कटाच्या वरच्या बाजूला नाकपुड्या आणि एकमेकांत अडकणारे वाकडे सुळे दिसले. त्यावरून तो उथळ पाण्यात दबा धरून मासे पकडत असावा, हे मत मला पटते. मात्र त्या ताठ मानेत धोकाही होता, कारण २०२३ च्या अभ्यासानुसार दोन टॅनिस्ट्रोफियसांच्या माना शिकारी प्राण्याने चावून तोडल्या होत्या.

तरीही केवळ मणके मोजून नाते ठरवता येत नाही. चीनमधला डायनोसेफॅलोसॉरस हा टॅनिस्ट्रोफियसच्या जवळच्या गोतातला असूनही त्याच्या मानेत ३२ मणके होते आणि पाय वल्ह्यांसारखे होते. प्लेसिओसॉर गटातल्या इलॅस्मोसॉरसशी त्याचे जवळचे नाते नसताना तो दिसतो मात्र त्याच्यासारखाच.