‘साझाए-सान’: विक्रमाची नोंद आणि कधीच न निघालेल्या डीव्हीडी

२०१३ साली ‘साझाए-सान’ या जपानी कौटुंबिक मालिकेची गिनीज नोंद झाली ती सर्वाधिक काळ चाललेली टीव्हीवरची ॲनिमेशन मालिका म्हणून. तेव्हापासून ‘भाग किती?’ हा वाद अधूनमधून निघतो. गोंधळ ‘भाग’ या शब्दात आहे. रविवारच्या अर्ध्या तासात तीन सुट्या गोष्टी असतात, प्रत्येकीला वेगळं नाव. प्रसारणं मोजली तर आकडा अडीच हजारांवर जातो, गोष्टी मोजल्या तर त्याच्या तिप्पट. नोंद मात्र वर्षांची आहे, ५ ऑक्टोबर १९६९ पासून अखंड चालू असलेल्या मालिकेची. २०१९ मध्ये साझाएला, म्हणजे मालिकेच्या नायिकेला, पहिल्या दिवसापासून आवाज देणाऱ्या अभिनेत्रीचीही तशीच नोंद झाली.

इतका मान मिळालेल्या या मालिकेची कॅसेट, डीव्हीडी किंवा ब्लू-रे आजवर बाजारात आलेली नाही. मालिका ज्या चित्रपट्ट्यांवरून आली, त्यांच्या चित्रकर्तीची तशी इच्छा होती, असं सर्वत्र मानलं जातं. तिच्या एकंदर वागण्याशी ते जुळतंही. १९४६ पासून वृत्तपत्रात येणाऱ्या या चित्रपट्ट्यांची पुस्तकं तिने बहिणीच्या साथीने घरच्याच प्रकाशनातून काढली.

हक्कांबाबतची तिची कडक भूमिका कोर्टातही दिसली. एका पर्यटन बस कंपनीने साझाए आणि तिची धाकटी भावंडं कात्सुओ व वाकामे यांचे चेहरे गाड्यांवर रंगवले होते. अमुक अंकातलं अमुक चित्र उचललं, असं दाखवणं अवघड होतं. १९७६ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने म्हटलं की पाहणाऱ्याला ती पात्रं ओळखू येतात, तेवढं पुरे; कोणत्या चौकटीची नक्कल झाली हे सांगावं लागणार नाही. जपानमध्ये पात्रांच्या हक्कांबद्दल बोलताना आजही हा निकाल आधी काढला जातो. मला तो न्याय्यच वाटतो. डिस्क न काढण्यामागे कंजुषी किंवा आडमुठेपणा पाहणाऱ्यांनी तो विचारात घ्यायला हवा.

मे १९९२ मध्ये ही चित्रकर्ती वारली. त्याच वर्षी सरकारने तिला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. हक्क तिने स्थापन केलेल्या संग्रहालयाकडे राहिले आणि धोरण बदललं नाही.

प्रेक्षकांना खरा फटका बसला तो १९९७ मध्ये. १९७५ पासून मंगळवारी जुन्या गोष्टींचं पुनःप्रसारण व्हायचं, ते त्या वर्षी थांबलं. घरी लावायला डिस्क नाही आणि टीव्हीवरही काही नाही, त्यामुळे आधीच्या जवळजवळ तीन दशकांचं काम नजरेआड झालं. साझाएचे वडील नामिहेइ यांना १९६९ पासून आवाज देणारा अभिनेता जानेवारी २०१४ मध्ये वारला, तेव्हा त्याचं सुरुवातीचं काम चाहत्यांना कुठेच ऐकता येत नव्हतं. याचं वाईट वाटतं.

डिसेंबर २०१८ मध्ये, मालिकेची पन्नाशी तोंडावर असताना, १९६९ ते १९७१ मधले भाग ऑनलाइन आले. सुरुवातीच्या महिन्यांतला कात्सुओ त्यात पुन्हा ऐकू आला. त्याला आवाज देणारी अभिनेत्री पुढे १९७९ पासून २००५ पर्यंत जपानी डोरेमॉनचा आवाज होती.