शहरातील जुन्या दफनभूमी (सोलापूर)

पूर्वी वेशीबाहेर असलेल्या आणि वस्ती वाढत गेल्याने आता शहराच्या पोटात आलेल्या, मृतांना माती देण्याच्या जागा. त्यांचे पुढे काय होते, हे शहरागणिक वेगळे दिसते. पॅरिसमधील १८०४ साली सुरू झालेल्या पेर लाशेझमध्ये आज लोक फिरायला येतात. कोलकात्याची १७६७ ची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी दफन थांबल्यावर वारसास्थळ म्हणून जपली गेली. सोलापूरला यांतला कोणताच साचा बसत नाही.

येथे ग्रामदैवतच समाधिस्थ आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी आणि वचनकार (कन्नड वचने रचणारे संतकवी) सिद्धरामेश्वर यांची समाधी तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिरात आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. समाधीच्या आवारात लग्न लागते आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. सोलापूरकराच्या मनात मृत्यूची जागा आणि उत्सवाची जागा एकमेकींपासून तोडलेल्या नाहीत, हे यातून कळते.

लिंगायत समाजात प्रेत दहन करण्याऐवजी पुरले जाते. देह बसलेल्या स्थितीत ठेवून हातात इष्टलिंग, म्हणजे त्याने आयुष्यभर अंगावर धारण केलेले लिंग, देतात. त्या जागेला रुद्रभूमी म्हणतात. मुस्लिम कब्रस्तानात बहुतेक कबरी कच्च्या असतात आणि काळाने त्याच जागी पुन्हा माती दिली जाते, त्यामुळे जुन्या कबरीचा माग काढणे अवघड होते. पीराची कबर मात्र टिकते. तिच्यावर चादर चढते, उरूस भरतो आणि त्या दिवशी इतर धर्मांचे शेजारीही येतात. ख्रिस्ती दफनभूमीत नाव आणि तारीख कोरण्याची रीत असल्याने तेथले दगड इतिहासाला अधिक बोलके आहेत. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात या भागात काम सुरू केले, त्या काळाचा माग काढणाऱ्याला असेच दगड उपयोगी पडतात.

शहराच्या दोन मोठ्या आठवणी मात्र सोलापुरातल्या कबरींशी बांधलेल्या नाहीत. स्वातंत्र्यलढ्यातले चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सोलापूर त्यांना वंदन करते ते चौकातल्या पुतळ्यांपाशी. सोलापुरात १९१० साली जन्मलेले आणि युद्धकाळात चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली तिथेच वारले. त्यांची कबर शिजियाझुआंगच्या हुतात्मा दफनभूमीत आहे आणि छिंगमिंग या पितरांच्या सणाला चिनी लोक तेथे फुले वाहतात. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे ते भैय्या चौकातल्या राहत्या घरात. मोठ्या माणसांची स्मृती अशी चौकात आणि घरात नांदते. दफनभूमीकडे उरतात सामान्य घरांतले मृत, ज्यांची नोंद दुसरीकडे कुठेच नसते.

म्हणून या जागा जपणे म्हणजे मुख्यतः वाचणे होय. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात एकाच माणसाला सगळे शिलालेख वाचता येतील असे नाही. त्यामुळे हे काम त्या त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊनच होऊ शकते, आणि ते डागडुजीच्या आधी व्हायला हवे. थडगे स्वच्छ दिसावे म्हणून चुना फासला की सर्वांत आधी अक्षरेच बुजतात.