रोडिंग ग्रामसमूह

इंग्लंडच्या एसेक्स काउंटीतील, एकच मूळ नाव असलेल्या आठ शेजारी खेड्यांचा समूह. चेम्सफर्ड आणि बिशप्स स्टॉर्टफर्ड यांच्या दरम्यान, रोडिंग नदीच्या वरच्या खोऱ्यात ही खेडी आहेत. ॲबेस, एथॉर्प, बीचम, बर्नर्स, हाय, लेडन, मार्गारेट आणि व्हाइट ही त्यांची पहिली नावे. ‘रोडिंग’ हे जणू सगळ्यांचे आडनाव. मॉरेल रोडिंग नावाची आणखी एक वस्ती होती, ती व्हाइट रोडिंगमध्ये सामावली गेली.

हे नाव मुळात जागेचे नाही, माणसांचे आहे. ह्रोथा नावाच्या अँग्लो-सॅक्सन म्होरक्याची माणसे, असा त्याचा अर्थ लावला जातो. हेस्टिंग्ज, बार्किंग या नावांमधला ‘इंग’ही याच घडणीचा. ह्रोथाच्या लोकांचा मुलूख आधी एकसंध होता आणि पुढे त्याची वाटणी झाली, असे अभ्यासक मानतात. इंग्लंडमधल्या जमिनींची मोजदाद असलेल्या १०८६ च्या डोम्सडे बुकात इथल्या कितीतरी जमिनी निरनिराळ्या मालकांकडे असूनही एकाच रोडिंग नावाखाली नोंदलेल्या दिसतात. कोणते रोडिंग कोणाचे, हे कळण्यासाठी मग नावापुढे ओळख जोडावी लागली.

आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असते, तशी ‘ग्रेट’ आणि ‘लिटल’ ही जोडी इंग्लंडातही सर्रास आढळते. रोडिंगमध्ये मात्र प्रत्येक गावाची खूण वेगळी आहे आणि या समूहाची खरी श्रीमंती त्यातच आहे. ॲबेस रोडिंग बार्किंगच्या मठाच्या प्रमुख संन्यासिनीकडे, म्हणजे ॲबेसकडे होते. १५३९ मध्ये मठ बंद झाला, गावाच्या नावात ती राहिली. बीचम आणि बर्नर्स ही जमीनदार घराण्यांची नावे, एथॉर्प हे एका पूर्वीच्या मालकाचे. मार्गारेट रोडिंगचे चर्च संत मार्गारेटचे. लेडन रोडिंगला नाव मिळाले चर्चच्या शिशाच्या छपरावरून, तर व्हाइट रोडिंगला चर्चच्या पांढऱ्या भिंतींवरून. जुन्या स्थानिक बोलीत रोडिंगचा उच्चार ‘रूदिंग’ असा होतो आणि व्हाइट रोडिंगच्या नावाच्या एका प्रचलित स्पेलिंगमध्ये तो आजही टिकून आहे.

नदीवरून गावांना नाव पडले असेल, असे कोणालाही वाटेल. इथे उलटे घडले. नदीचे जुने नाव हाइल. रोडिंग हे नाव तिला या गावांवरून मिळाले. खाली पूर्व लंडनमधल्या इलफर्डच्या नावात मात्र ‘हाइलचा उतार’, म्हणजे हाइल नदी पायी ओलांडायची जागा, अजून शाबूत आहे. तिथून नदी बार्किंगवरून, म्हणजे ॲबेस रोडिंगच्या जुन्या मालकिणीच्या दारावरून, थेम्सला मिळते.

एथॉर्प रोडिंगला १८ व्या शतकातली लाकडी पवनचक्की उभी आहे. तिचा सगळा डोलारा, पाती आणि जात्यांसकट, मधल्या एका भक्कम खांबावर वाऱ्याच्या दिशेने फिरतो. एसेक्समध्ये उरलेल्या या प्रकारच्या चक्क्यांत ती सर्वांत मोठी आहे.

बीचम रोडिंगचे संत बोटॉल्फचे चर्च वस्तीपासून दूर, शेतांच्या मधोमध एकटेच आहे. त्याची एक लोककथा सांगतात: बांधकामासाठी टेकडीवरचा मोठा दगड गावकऱ्यांनी ओढत खाली आणला, पण सकाळी पाहावे तर तो परत टेकडीवर. पुन्हा आणला, तरी तेच. शेवटी चर्च दगडापाशी बांधले.