फोकस बिघडल्याची शंका आल्यास, कॅमेरा दुकानात आणण्यापूर्वी वाचावे

नारायण पेठेतील आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर 'फोकस गेला आहे' या तक्रारीसह येणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे कॅमेरे मुळात बिघडलेले नसतात. ही गोष्ट आम्ही काउंटरवर उभे राहून इतक्या वेळा सांगितली आहे, की आता ती छापून पावतीसोबत देणेच सोयीचे वाटले. लेन्स बदलता येणारा कॅमेरा वापरणाऱ्यांना समोर ठेवून हे पत्रक लिहिले आहे. शटर, लेन्स, मेनू या गोष्टींची आपल्याला ओळख आहे, असे आम्ही गृहीत धरतो.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्याकडे 'फोकस मार' म्हटले की समोरचा बॅटरीचा प्रकाश टाकतो, आणि 'फोकस जवळ घे' म्हटले की तो झूम करतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र झूम आणि फोकस ही दोन वेगळी कामे आहेत. झूममुळे चौकटीत किती दृश्य मावेल ते ठरते, तर फोकसमुळे त्या दृश्यातील कोणत्या अंतरावरील वस्तू रेखीव दिसेल ते ठरते. 18-55 सारख्या किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या 18 ते 55 मिलिमीटर झूमच्या लेन्सवर, साधारणपणे जाड रबराची रुंद रिंग झूमची असते आणि अगदी पुढच्या टोकाशी असलेली अरुंद रिंग फोकसची असते. या दोन रिंगा आणि लेन्सच्या डाव्या अंगाला असलेला एक छोटासा खटका एवढ्यांतच आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग सामावलेला आहे.

त्या खटक्यावर एका बाजूस 'एएफ' आणि दुसऱ्या बाजूस 'एमएफ' असे लिहिलेले असते. काही लेन्सवर नुसते 'ए' आणि 'एम' असते. पहिल्या स्थितीत फोकस कॅमेरा करतो, दुसऱ्या स्थितीत तो आपण हाताने करावयाचा असतो. कॅमेरा बॅगेत सरकवताना, पट्टा अडकल्यामुळे किंवा घरातील लहान मुलाने कुतूहलाने हात लावल्यामुळे हा खटका 'एमएफ'वर जातो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाचे पथक समोर येते, शटर नेहमीसारखे वाजते आणि घरी येऊन पाहावे तर एकही चेहरा रेखीव नसतो. अनंत चतुर्दशी उलटली की पुढच्या दोन-तीन दिवसांत असे कॅमेरे आमच्याकडे येतात, त्यांच्या बटणांच्या फटींत गुलाल असतो आणि खटका 'एमएफ'वर असतो.

हे घरच्या घरी ओळखण्याची एक खूण आहे. स्थिर वस्तूसाठी असलेल्या साध्या ऑटोफोकसमध्ये, फोकस लागला नाही तर बहुतेक कॅमेरे शटर उडवतच नाहीत; बोट दाबून धरले तरी कॅमेरा गप्प राहतो. याउलट फोटो ताबडतोब निघत असेल, शटरचे बटण अर्धे दाबल्यावर लेन्समध्ये कसलीही हालचाल जाणवत नसेल आणि प्रत्येक फोटो धूसर येत असेल, तर आधी खटका पाहावा. काही नव्या लेन्सवर हा खटकाच नसतो. निकॉनच्या एएफ-पी मालिकेतील 18-55 मध्ये तो नाही, आणि काही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांतही ही निवड मेनूतून करावी लागते. तेव्हा लेन्सवर शोधून खटका सापडला नाही, तर मेनूतील फोकस मोड तपासावा.

इथपर्यंतची चूक निरुपद्रवी आहे. फोटो जातात, पण लेन्स शाबूत राहते. खरे नुकसान होते ते उलट्या चुकीने, म्हणजे खटका 'एएफ'वर असताना फोकसची रिंग हाताने फिरवल्याने. कॅनन आणि निकॉनच्या जुन्या 18-55 किट लेन्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत फोकसची रिंग आतल्या छोट्या मोटरला प्लास्टिकच्या दंतचक्रांच्या साखळीने जोडलेली असते. खटका 'एमएफ'वर नेला की ही जोडणी सुटते आणि रिंग मोकळी फिरते. तो 'एएफ'वरच असेल तर आपले बोट थेट मोटरशी झुंजत असते, आणि या झुंजीत सर्वांत आधी हार मानतो तो चक्राचा एखादा बारीक दाता. 'रिंग जरा जड लागत होती म्हणून जोर लावला' हे वाक्य आम्ही ऐकतो, तेव्हा लेन्स उघडण्यापूर्वीच आत काय दिसणार याचा अंदाज आलेला असतो. रिंग जड लागणे याचा अर्थ तिला वंगण हवे असा होत नाही, तर खटका पाहा असा होतो.

फोकसची रिंग आपण हेतुपूर्वक फिरवत नसलो, तरी हेच घडू शकते. या लेन्सचे पुढचे टोक फोकस होताना स्वतः फिरते. त्यामुळे पुढे फिल्टर आवळून बसवताना किंवा रुतलेला फिल्टर काढताना नकळत तोच भार दंतचक्रांवर येतो. फिल्टर लावताना आणि काढताना खटका 'एमएफ'वर घ्यावा, आणि शक्य असल्यास पुढच्या टोकाची कड एका हाताने धरून ठेवावी. फिल्टर आमच्याकडून घेतला तर आम्ही तो बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेरून आणलेला फिल्टर रुतला असेल तर तो काढून देण्याचे मात्र आहेत.

दाता तुटल्यावर लेन्स 'कर्र' असा आवाज करते, एका जागी अडकून पुढेमागे होते किंवा फक्त जवळचे टिपते आणि लांबचे टिपत नाही. त्यासाठी लेन्सची पुढची फळी उतरवून चक्र बदलावे लागते, भिंगे पुन्हा होती तशी बसवावी लागतात आणि झूमच्या दोन्ही टोकांना तपासणी करावी लागते. जुन्या किट लेन्ससाठी हे काम अनेकदा लेन्सच्या सेकंडहँड किमतीच्या जवळ जाते, आणि तसे असेल तर दुरुस्ती करू नका, असे आम्ही स्वतःहून सांगतो. यात धंद्याचे नुकसान आहे, हे आम्हालाही कळते.

खटका 'एएफ'वर असताना रिंग फिरवू नये, या नियमाला अपवाद आहेत. ज्या निकॉन लेन्सच्या खटक्यावर 'एम/ए' असे एकत्र लिहिलेले असते, तसेच कॅननच्या रिंग प्रकारच्या अल्ट्रासॉनिक मोटरच्या लेन्स, यांमध्ये ऑटोफोकस झाल्यावर खटका न हलवता रिंग हाताने फिरवता येते. आपली लेन्स कोणत्या प्रकारची आहे याची खात्री नसेल, तर काउंटरवर दाखवावी. पाहायला अर्धा मिनिट लागतो.

आता झूम आणि फोकस यांच्या क्रमाविषयी. पुष्कळ ग्राहक आधी फोकस करतात, बोट उचलतात आणि मग चौकट नीट करण्यासाठी झूम फिरवतात. आजच्या बहुतेक झूम लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही थोडा सरकतो, कारण दोन्ही कामे एकाच भिंगसमूहांच्या हालचालींवर अवलंबून असतात. म्हणून आधी झूम करून चौकट ठरवावी, नंतर शटरचे बटण अर्धे दाबून फोकस लागू द्यावा आणि तसेच धरून फोटो काढावा. हाताने फोकस करणाऱ्यांनी आणि व्हिडिओ काढणाऱ्यांनी तर झूम बदलल्यानंतर प्रत्येक वेळी फोकस पुन्हा पाहावा. मागच्या पडद्यावरील भिंगाच्या चिन्हाचे बटण दाबल्यास दृश्य मोठे दिसते; हा झूम नव्हे, केवळ तपासणीची सोय आहे, आणि फोटोची चौकट त्याने बदलत नाही.

कॅमेऱ्याने फोकस कशावर करावा, हेही आपण सांगावे लागते. फोकस बिंदूची, म्हणजे चौकटीतील कोणत्या ठिकाणी फोकस करायचा याची, निवड कॅमेऱ्यावर सोडली, तर तो बहुधा सर्वांत जवळची ठळक वस्तू पकडतो. हिवाळ्यात कवडीपाटला चक्रवाक टिपायला गेलेल्यांना समोरच्या गवताचे उत्तम रेखीव फोटो मिळतात ते यामुळेच. मेनूत एकच बिंदू निवडून तो पक्ष्यावर ठेवला, की ही तक्रार पुष्कळ कमी होते. पावसाळ्यात सिंहगडावर वेगळी अडचण येते. ऑटोफोकसला पकडायला उजेड-अंधाराची एखादी कड लागते, आणि दाट धुक्यात तशी कड नसल्यामुळे लेन्स पुढेमागे फिरत राहते. अशा वेळी साधारण तेवढ्याच अंतरावरील एखादी ठळक कड, उदाहरणार्थ पुणे दरवाजाच्या कमानीची, धरून फोकस लावावा आणि बटण अर्धे दाबलेलेच ठेवून चौकट हवी तिकडे वळवावी.

फार जवळ गेल्यावर फोकस न लागणे हाही बिघाड नाही. प्रत्येक लेन्सला किमान अंतर असते, आणि ते लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर कॅमेऱ्याच्या आतील सेन्सरपासून मोजतात. 18-55 ला ते सुमारे 25 सेंटिमीटर असते, तर 70-300 प्रकारच्या लेन्सना एक ते दीड मीटर लागते. वाढदिवसाच्या केकसमोर 70-300 घेऊन उभे राहिल्यास दोन पावले मागे सरकणे, एवढीच त्यावरील दुरुस्ती आहे.

पूर्ण झूम केल्यावर फोटो 'खराब' येतो, ही तक्रार निम्म्या वेळा फोकसची नसून फोटो हलल्याची असते. 18-55 किट लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र 18 ला एफ 3.5 असते आणि 55 ला एफ 5.6 होते (एफचा आकडा वाढला की प्रकाश कमी), म्हणजे आत येणारा प्रकाश सुमारे अडीच पट कमी होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून पूर्ण झूम केला, की कमी प्रकाश भरून काढण्यासाठी कॅमेरा शटर हळू करतो आणि हाताचा कंप फोटोत उतरतो. फरक ओळखायला सोपा आहे. फोटोत दुसरीकडे कुठेतरी, पडद्यावर किंवा पुढच्या खुर्चीवर, रेखीवपणा सापडला तर फोकस चुकला आहे. सगळ्याच रेषा एका दिशेने ओढल्यासारख्या असतील तर फोटो हलला आहे. फक्त नाचणारी मुले पुसट असतील तर शटर हळू आहे, आणि तिथे लेन्समधील कंपनरोधक सोयीचाही उपयोग होत नाही. सगळे दृश्य दुधट, फिके दिसत असेल तर लेन्स आमच्याकडे आणावी, कारण ती बहुधा बुरशी असते आणि ती वाट पाहत नाही. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. डबा आणि जेल दोन्ही आमच्याकडे मिळतात, पण घरचा घट्ट झाकणाचा डबाही चालतो.

छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. त्यांतील डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद करावा. तो लेन्सने जवळ जात नाही, तर मधला तुकडा कापून मोठा करतो. 1.6 कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर 4 पट डिजिटल झूम केला, की प्रत्यक्षात 10 लाख पिक्सेल उरतात. इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने 4×6 च्या प्रिंटला 21.6 लाख आणि 8×12 च्या प्रिंटला 86.4 लाख पिक्सेल लागतात. भिंतीवर लांबून पाहायच्या फोटोला याहून कमी चालतात, पण 10 लाखांतून 8×12 नीट येत नाही, आणि अशी ऑर्डर आम्ही छापण्यापूर्वी फोन करून विचारतो. काही ग्राहकांना याचा राग येतो. प्रिंट हातात पडल्यावर येणाऱ्या रागापेक्षा तो आम्हाला परवडतो.

व्ह्यूफाइंडरमधून सगळे धूसर दिसते, पण फोटो मात्र स्वच्छ येतात, अशी स्थिती असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या कडेचे लहान चक्र फिरले आहे. ते आपल्या डोळ्याच्या नंबरानुसार जुळवण्यासाठी असते. आतील अक्षरे आणि आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवावे, म्हणजे झाले.

तपासणी शुल्काविषयी विचारणा होते, म्हणून लिहितो. काउंटरवर आपल्यासमोर खटका किंवा मेनू पाहून प्रश्न सुटला, तर आम्ही काहीही घेत नाही. कॅमेरा ठेवून गेल्यास मात्र 200 रुपये घेतो, दोष निघो वा न निघो, कारण दोष नाही असे खात्रीने सांगण्यासाठीही झूमच्या तीन स्थितींत, जवळ आणि लांब, तिपाईवर ठेवून फोटो काढून पाहावे लागतात. दुरुस्ती केल्यास ही रक्कम बिलातून वजा होते. दुपारी 1 ते 4 दार बंद असते, ते वामकुक्षीसाठी नव्हे. या वेळेत लेन्स उघडलेल्या असतात आणि दार उघडले की रस्त्यावरची धूळ भिंगांवर येऊन बसते. दर शनिवारी संध्याकाळी 5 ते 6 या वेळेत आपला कॅमेरा घेऊन आल्यास फोकसचे मोड आणि खटके आम्ही विनामूल्य समजावून देतो. भिगवणला जाण्यापूर्वी भाड्याने लेन्स घेणाऱ्यांनी तर या वेळेतच यावे, म्हणजे लेन्स हाताळून पाहता येईल.

तपासणीसाठी येताना बॅटरी चार्ज करून आणावी, लेन्स काढून वेगळी न आणता कॅमेऱ्यासह आणावी, आणि बिघडलेले वाटणारे चार-पाच फोटो कार्डावर मूळ स्वरूपात ठेवावेत. मोबाइलवर पाठवलेले फोटो चालत नाहीत, कारण मूळ फाइलमध्ये झूम, छिद्र, शटर आणि फोकस मोड यांची नोंद असते, आणि पुष्कळदा खटका कुठे होता ते लेन्स हातात घेण्याआधी तिथेच सापडते. कार्डावरील बाकीचे फोटो आधी संगणकावर उतरवून घ्यावेत.