एफ-७५ आणि एफ-१००: कुपोषित बाळाची दोन दुधं, दोन वेगळी कामं

एफ-७५ आणि एफ-१०० ही तीव्र कुपोषित मुलांना उपचार म्हणून द्यायची दोन दुधं. ती शेजारी शेजारी दोन भांड्यांत ठेवली तर नुसत्या नजरेला फरक कळत नाही. दोन्हींत दूध, साखर आणि तेल. दोन्ही पांढरी, दोन्ही गोड. नावातला आकडा म्हणजे १०० मिलीमागे मिळणाऱ्या कॅलरी, हे पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे अशा मुलांना जिथे भरती करतात तिथे, आठवडाभर काम केलेल्या कुणालाही सांगता येतं. घोटाळा इथूनच सुरू होतो. ७५ म्हणजे पातळ, १०० म्हणजे घट्ट, तेव्हा एफ-१०० मध्ये पाणी ओतलं की एफ-७५ तयार, असा हिशेब डोक्यात बसतो.

हा हिशेब मांडूनच पाहू. १०० मिली एफ-१०० मध्ये ३५ मिली पाणी घातलं तर १३५ मिली दूध होतं आणि दर १०० मिलीला साधारण ७४ कॅलरी येतात. कॅलरी जुळल्या. पण एफ-१०० मध्ये १०० मिलीमागे २.९ ग्रॅम प्रथिनं असतात. पाणी घातल्यावर ती २.१ ग्रॅमच्या आसपास येतात, आणि खऱ्या एफ-७५ मध्ये ती फक्त ०.९ ग्रॅम असतात. म्हणजे दुपटीहून जास्त प्रथिनं बाळाच्या पोटात गेली, आणि नेमकी ती पेलण्याची ताकद त्याच्यात नसलेल्या दिवसांत.

ताकद का नसते? महिनोन्महिने उपाशी राहिलेलं शरीर काटकसरीवर चालत असतं. यकृत मंदावतं, मूत्रपिंड जादा क्षार बाहेर टाकू शकत नाही, हृदयाचे स्नायू झिजलेले असतात. पेशींतून सोडियम बाहेर काढणारी यंत्रणा अर्धवट बंद पडते. त्यामुळे सोडियम पेशींत साचतो आणि पोटॅशियम गळून जातं. अशा मुलाला पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घातलं की साचलेला सोडियम पाण्यासह रक्तात येतो आणि दुबळ्या हृदयावर भार पडतो. भरती करताना बरं दिसणारं मूल दोन-तीन दिवसांत धाप लागून दगावतं, ते बरेचदा असं. म्हणून एफ-७५ मध्ये प्रथिनं कमी, स्निग्ध पदार्थ कमी, सोडियम कमी आणि साखर जास्त. साखर जास्त कारण या मुलांची रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

एफ-७५ चं काम वजन वाढवणं नाही. मूल जगवायचं, साखर आणि तापमान सावरायचं, सूज उतरवायची. सूज असलेल्या मुलाचं वजन या काळात घटतं, आणि ते चांगलं लक्षण असतं. उलट एफ-७५ वर वजन भरभर वाढायला लागलं आणि सोबत श्वास वाढला, तर ते बाळसं नव्हे, अंगात पाणी साचतंय. वजन वाढवणं हे एफ-१०० चं काम. त्यावर दिवसाला दर किलोमागे १० ग्रॅमहून जास्त वाढ झाली तर ती चांगली, ५ ग्रॅमहून कमी झाली तर काहीतरी चुकतंय.

आता कृती. गाईच्या दुधापासून १ लिटर एफ-७५ करायचं तर दूध ३०० मिली, साखर १०० ग्रॅम, तेल २० मिली, मिनरल मिक्सचं (पोटॅशियमसारख्या क्षारांचं) द्रावण २० मिली, आणि उकळून गार केलेलं पाणी एकूण १ लिटर होईपर्यंत. एफ-१०० ला दूध ८८० मिली, साखर ७५ ग्रॅम, तेल २० मिली, मिनरल मिक्स २० मिली, आणि पुन्हा पाणी १ लिटरच्या खुणेपर्यंत. जुलाब असलेल्या मुलाला एफ-७५ चा धान्याचा प्रकार सोसतो. त्यात साखर ७० ग्रॅम आणि ३५ ग्रॅम धान्याचं शिजवलेलं पीठ. आपल्याकडच्या केंद्रांत त्यासाठी चुरमुऱ्यांची पूडही वापरतात, ती मुळातच भाजलेली असल्यामुळे शिजवण्याची कटकट वाचते.

‘खुणेपर्यंत’ या शब्दावर अडायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. १ लिटर करायचं म्हणजे १ लिटर पाणी घालायचं नाही. ३०० मिली दूध, साखर, तेल यांवर आणखी १ लिटर पाणी ओतलं तर जवळजवळ १४०० मिली होतं आणि ७५ च्या जागी ५३-५४ कॅलरी उरतात. मूल तक्त्याप्रमाणे पूर्ण मात्रा पितं आणि तरी पहाटे गार पडतं. दुसरी चूक शिगोशीग भरलेल्या चमच्याची. साखर वजनकाट्यावर मोजावी. काटा नसेल तर चमचा सुरीच्या पाठीने सपाट करावा. तिसरी तेलाची. तेल वर तरंगत राहिलं तर ते भांड्याला आणि नळीला चिकटतं, बाळापर्यंत पोचत नाही. आधी साखर आणि तेल घोटून घ्यावं, मग दूध, मग थोडं थोडं पाणी घालत रवीने किंवा मिक्सरने एकजीव करावं. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतंच करावं आणि उरलेलं टाकून द्यावं. टाकवत नाही म्हणून पुढच्या वेळेला ठेवलेलं दूध म्हणजे नव्या जुलाबाची सुरुवात.

दुष्काळात ही कृती आणखी दोन ठिकाणी फसते. एक म्हणजे दूध. वरचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेल्या गाईच्या दुधाचं आहे. चाऱ्याअभावी गावातलं दूध आटतं आणि मग मिळेल ते वापरलं जातं. तेच ८८० मिली म्हशीचं दूध घातलं तर एफ-१०० च्या कॅलरी १३० च्या पुढे जातात आणि बाळाला जुलाब लागतात. डबल टोन्ड पिशवीचं दूध घातलं तर त्या ८५ च्या आसपास घसरतात. टोन्ड दूध चालून जातं. वरकड पाणी घातलेल्या सुट्या दुधाला तर काहीच हिशेब लागू होत नाही. त्यापेक्षा दुधाची पावडर बरी. स्किम्ड पावडरची मात्रा मात्र वेगळी आहे. १ लिटर एफ-१०० ला पावडर ८० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम आणि तेल ६० ग्रॅम. इथे तेल तिप्पट झालं ते चुकून नव्हे, स्किम्ड पावडरीत स्निग्धांश नसतो म्हणून.

दुसरं म्हणजे पाणी. टँकरचं पाणी उकळलं की जंतू मरतात, क्षार मात्र जात नाहीत. खोल बोअरचं मचूळ पाणी उकळून आटवलं तर ते आणखी खारट होतं. ज्या दुधात मुद्दाम सोडियम कमी ठेवलाय त्यात आपण तो पाण्यातून परत घालतो. त्यामुळे केंद्राला या दुधापुरतं तरी गोडं पाणी वेगळं राखून ठेवावं लागतं. आणि चव येत नाही म्हणून चिमूटभर मीठ? अजिबात नाही.

मात्रा वजनावर ठरते. ५ किलोचं, सूज नसलेलं बाळ धरू. एफ-७५ दिवसाला दर किलोमागे १३० मिली, म्हणजे ६५० मिली. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी ५५ मिली, सोसलं की दर तीन तासांनी ८० मिली, मग दर चार तासांनी ११० मिली. दिवसाची बेरीज बदलत नाही, फक्त वेळा कमी होतात. अंगभर सूज असेल तर दर किलोमागे १०० मिलीच, कारण वजनात पाणी मोजलं गेलेलं असतं. रात्री दोनची आणि पहाटे चारची वेळ चुकवायची नाही. रक्तातली साखर ५४ मिलिग्रॅमच्या (दर १०० मिली रक्तात) खाली जाते ती बहुधा याच सुमाराला. बाळ सलग दोन-तीन वेळा मात्रेच्या ८० टक्क्यांहून कमी घेत असेल तर नाकातून नळी घालून उरलेलं द्यावं, पण प्रत्येक वेळी आधी तोंडाने. वाटी-चमचा वापरावा, बाटली नको. सांडलेलं आणि उलटून पडलेलंही तक्त्यावर लिहावं, नाहीतर ‘पूर्ण घेतलं’ या नोंदीला अर्थ उरत नाही.

एका दुधावरून दुसऱ्यावर कधी जायचं, हा खरा कसोटीचा भाग. खूण तारखेची नाही, भुकेची आहे. बाळ वाटी संपवून आणखी मागायला लागलं, सूज उतरू लागली, की वेळ झाली. साधारण दोन ते सात दिवस लागतात. आईला वाटतं, लेकरू भुकेनं रडतंय आणि सिस्टर पातळ दूध मोजून देतायत. तिला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं नाही तर ती पदराआडून बिस्किट चारते, आणि तिला दोष देता येत नाही.

बदल करताना फक्त दूध बदलायचं, मात्रा नाही. तेच ११० मिली, दर चार तासांनी, आता एफ-१०० चं, पूर्ण ४८ तास. मात्रा तीच असली तरी कॅलरी तिसऱ्या हिश्शाने वाढल्या आणि प्रथिनं तिप्पट झाली, शरीराला तेवढा धक्का पुरे. तिसऱ्या दिवसापासून दर वेळी १० मिली वाढवायचे: १२०, १३०, १४०, बाळ वाटीत थोडं सोडेपर्यंत. ५ किलोच्या बाळाचं हे सहसा १५० मिलीच्या आसपास थांबतं. दिवसाची कमाल मर्यादा दर किलोमागे २२० मिली. या दिवसांत दर चार तासांनी नाडी आणि श्वास मोजावेत. श्वास मिनिटाला ५ ने आणि नाडी २५ ने वाढली आणि चार तासांनीही तशीच राहिली, तर हृदयावर ताण आलाय. मग मात्रा दर किलोमागे दिवसाला १०० मिलीवर आणायची, दुसऱ्या दिवशी ११५, पुढचे दोन दिवस १३०, आणि मग पुन्हा दहा-दहाने वर. लोह दोन्ही दुधांत नसतं. ते एफ-१०० वर दोन दिवस नीट गेल्यावरच सुरू करतात. चेहरा पांढराफटक दिसतो म्हणून पहिल्या दिवशी दिलेलं लोह जंतुसंसर्गाला खतपाणी घालतं.

सहा महिन्यांखालच्या तान्ह्या बाळाचा नियम वेगळा. त्याला पाणी न घातलेलं एफ-१०० कधीच द्यायचं नाही. त्यातल्या क्षारांचा भार त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही आणि अंगातलं पाणी कमी होतं. सूज नसेल तर सुरुवातीला मघाचंच, १०० ला ३५ मिली पाणी घातलेलं एफ-१०० चालतं. सूज असेल तर ती उतरेपर्यंत एफ-७५. म्हणजे पाणी घातलेल्या एफ-१०० ला जागा आहे, पण ती एवढीच. यातही मुख्य काम दुधाचं नाही, आईचं अंगावरचं दूध परत आणण्याचं आहे. बारीक नळीचं एक टोक स्तनाग्राशी आणि दुसरं वाटीतल्या दुधात ठेवून बाळाला छातीशी लावतात. वाटी आधी स्तनाग्राच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली धरायची. ओढण्याची ताकद वाढली की ३० सेंटीमीटरपर्यंत खाली न्यायची. बाळ वाटीतलं दूध ओढतं आणि त्या चोखण्याने आईला पान्हा फुटतो. सलग दोन-तीन दिवस रोज २० ग्रॅम वजन वाढलं की वाटीतलं दूध निम्मं करायचं. ऊसतोडीला गेलेल्या किंवा दिवसभर टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला स्वतःला पोटभर जेवण आणि पाणी मिळालं नाही तर हा सगळा खटाटोप वाया जातो. तिचं ताट हा बाळाच्याच उपचाराचा भाग धरावा.

प्रत्येक कुपोषित बाळाला यातलं काही लागतंच असंही नाही. सहा महिन्यांवरचं मूल, दंडघेर ११.५ सेंटीमीटरहून कमी, पण ताप-जुलाब-सूज नाही आणि भूक शाबूत, तर त्याला भरती करून एफ-७५ देण्याचं कारण नाही. ग्राम बाल विकास केंद्रातून मिळणारा ऊर्जादायी आहार आणि घरचं तेल-तूप घातलेलं खाणं, यावर ते सुधारतं. सोमालियातल्या बाइडोआसारख्या दुष्काळी भागातही हीच विभागणी चालते: गुंतागुंत असलेली मुलं एफ-७५ च्या खाटेवर, बाकीची शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं घेऊन घरी. ती पेस्ट म्हणजे एफ-१०० चाच कोरडा अवतार. स्किम्ड पावडरीचा काही भाग काढून तिथे शेंगदाण्याचं कूट घातलेलं आणि लोहही मिसळलेलं. पाणी नसल्यामुळे तिच्यात जंतू वाढत नाहीत.

उलट बाजूने, १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी (तयार कोरडा आहार) किंवा अंगणवाडीतलं घरपोच आहाराचं पाकीट यांची जागा एफ-१०० घेऊ शकत नाही, आणि ती या दुधाची घेऊ शकत नाहीत. सुकडी भुकेल्यांसाठी, ही दुधं आजाऱ्यांसाठी.

घरी सोडताना एफ-१०० ची कृती लिहून देऊ नये. टँकरचं पाणी, मोजमाप नसलेली भांडी आणि दुपारभर झाकून ठेवलेलं दूध, यांत ते बिघडणारच. त्याऐवजी भरतीतल्या शेवटच्या दिवसांत आईच्या हातून केंद्राच्याच चुलीवर वरण-भात, तेल घालून मऊ केलेली भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली लापशी करून घ्यावी. बाळ ती खातं की नाही हे तिथेच पाहावं आणि पुढच्या वजनाची तारीख अंगणवाडी सेविकेच्या वहीत लिहूनच आईला गाडीत बसवावं.